नाण्याचा भाव आणि नाण्याचे गाव

जुन्या नाण्यांच्या लिलावाची सूची आपण चाळू लागलो, की प्रत्येक नाण्याखाली राजाचे नाव, टांकसाळ, धातू, वजन, झीज किती झाली आहे याचा शेरा आणि अपेक्षित किंमत छापलेली दिसते. पूर्वी ते कोणा नामांकित संग्राहकाकडे असेल, तर तेही अभिमानाने नोंदवलेले असते. मात्र ते कोणत्या गावच्या मातीतून, कशासोबत वर आले, यासाठी त्या सूचीत बहुधा जागाच नसते. बाजार ज्याला मोल देतो आणि इतिहासाला जे हवे असते, त्यांतले अंतर या न छापलेल्या ओळीत आहे, असे आम्हांस वाटते.

लिलावात भाव कशाला येतो, हे पाहण्यासाठी एक गाजलेले उदाहरण घेऊ. १९३३ साली अमेरिकेत २० डॉलरची ४,४५,५०० सोन्याची नाणी पाडली गेली. पण त्याच वर्षी सोन्याची नाणी चलनातून काढून घेण्यात आली आणि हा साठा पुढे वितळवण्यात आला. त्यातूनही काही नाणी टांकसाळीबाहेर गेली. त्यांतले एक इजिप्तचा राजा फारूक याच्या संग्रहात पोहोचले आणि १९४४ साली अमेरिकी सरकारनेच अनवधानाने त्याला निर्यात परवाना दिला. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये जप्त झालेले नाणे हेच, असे मानले गेले. त्या परवान्याच्या जोरावर तडजोड झाली आणि ३० जुलै २००२ रोजी नाणे लिलावात आले. शेवटची बोली ६६ लाख डॉलरची. तीवर १५ टक्के खरेदीदाराचा अधिभार आणि शिवाय २० डॉलर सरकारला, म्हणजे ते कायदेशीर चलन ठरावे! एकूण ७५,९०,०२० डॉलर. २०२१ साली तेच नाणे सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला विकले गेले. दरम्यान त्याच वर्षाची आणखी १० नाणी उजेडात आली होती. सोने तेच, छापही तोच. परंतु त्यांच्यामागे परवाना नव्हता. २०१६ साली अपील न्यायालयाने ती सरकारची असल्याचा निर्णय दिला. नाण्यावर मालकी सांगता येते की नाही, हे एका कागदाने ठरवले.

म्हणजे बाजाराला इतिहास कळत नाही असे म्हणता येणार नाही. त्याला नाण्याच्या मालकांचा इतिहास उत्तम कळतो. जमिनीवर आल्यानंतरची वंशावळ तो जपतो आणि तिचे दामही मोजतो. प्रश्न आहे तो जमिनीखालच्या इतिहासाचा.

त्यासाठी नाशिक जिल्ह्यात जाऊ. १९०६ साली जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो तपासून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सुमारे १३,२५० नाणी होती. सारी मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची. पण त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा मारला होता. नहपानाच्या मुखवट्यावर टेकडीचे चिन्ह आणि ब्राह्मी अक्षरांत नवे नाव. मागच्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा जो शिलालेख आहे, त्यात तिच्या पुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूल केल्याचे म्हटले आहे. आईने केलेली मुलाची प्रशस्ती एरवी कोणी अतिशयोक्ती म्हणून बाजूस ठेवली असती. जोगलटेंभीने तिला हजारो साक्षीदार मिळवून दिले.

ही साक्ष नाण्यांच्या संख्येची आहे, आणि त्या एकत्र सापडल्या ठिकाणाची आहे. असे एखादे सुटे नाणे लिलावात आले, तर त्याचे फारसे कौतुक होत नाही. तशी नाणी पुष्कळ आहेत, शिवाय दोन छाप एकमेकांवर चढल्याने दिसायलाही ती ओबडधोबड. दुर्मिळ आणि देखणे ते महाग, या बाजाराच्या न्यायाने हे नाणे मागे पडते. इतिहासाच्या न्यायाने त्याच्याइतके बोलके नाणे क्वचितच मिळेल.

आता कायद्याकडे पाहू. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेले, १० रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. ते सरकारने घ्यायचे ठरवले, तर मोबदला किती? कायद्याने दिलेले माप असे : मूळ धातूची किंमत, अधिक तिचा एक पंचमांश. तांब्याचे एखादे दुर्मिळ नाणे असेल, तर या हिशेबाने हाती काय पडणार, याची कल्पना वाचकांनीच करावी. दुसरीकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीस परदेशी नेऊ देत नाही. हे दोन्ही कायदे हेतूने चांगलेच आहेत. परंतु पहिल्याचा मोबदला आणि बाजाराचा भाव यांत इतके अंतर असले, की नांगराच्या फाळाला हंडा लागलेला शेतकरी तहसील कचेरीपेक्षा सराफाची वाट धरतो. तिथे नाणी वितळतात, किंवा फुटून चार दिशांना जातात. गावाचे नाव सांगणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे. म्हणून ते नाव आधीच पुसले जाते.

याला दुसरी वाट आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधील हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना रोमन काळातील सोन्याचांदीची सुमारे १५,००० नाणी सापडली. शोधणाऱ्याने थोडी बाहेर काढली, बाकीची जागेवरच ठेवून कळवले. पुरातत्त्वज्ञांनी साठा थराथराने उचलला. त्याला साडेसतरा लाख पौंडांचा मोबदला मिळाला आणि त्याने तो शेतकऱ्याबरोबर वाटून घेतला. पुढे १९९६ च्या कायद्याने बाजारभावाइतका मोबदला देण्याची रीत तिथे पक्की झाली.

संग्राहकांना दोष देऊन भागणार नाही. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानाने स्वतः जमवलेल्या नाण्यांतून क्षत्रपांचा कालक्रम मांडण्याचे काम केले. संग्राहकाचा डोळा आणि अभ्यासकाची वही एकाच घरी नांदू शकतात. हवे आहे ते इतकेच, की खरे सांगणाऱ्याचे नुकसान होऊ नये. १८७८ चा तो एक पंचमांश बदलून सरकारने बाजाराच्या जवळपास जाणारा मोबदला द्यावा, आणि लिलावाच्या सूचीत ‘सापडले कुठे’ ही ओळ छापली जावी. ती कोरी राहिली, तर ती कोरी का, हे तरी खरेदीदार विचारील.