चूल गेली, राख गेली

गेल्या महिन्यात रत्नागिरीला घरी गेलो तेव्हा पुण्याहून एक पाकीट बरोबर नेलं होतं. 'नैसर्गिक' भांडी पावडर. मागे घटकांची यादी: लाकडाची राख, रिठा, लिंबाची साल. आईने चष्मा लावून यादी वाचली, मग किंमत वाचली, आणि एवढंच म्हणाली, "राख? विकत?" त्यानंतर दिवसभर घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते पाकीट दाखवण्यात आलं. माझी व्हायची ती शोभा झाली.

पण मंडळी, प्रश्न डोक्यातून जाईना. आपल्या मोरीतून राख गेली कधी, आणि घालवली कोणी? "साबणवाल्यांनी, जाहिराती करकरून" हे उत्तर पटकन तोंडावर येतं. मलाही तेच वाटायचं. आता तसं वाटत नाही.

आधी जुनं घर आठवून बघू. मोरीपाशी एका करवंटीत चाळलेली राख, शेजारी नारळाची किशी, आणि एका वाटीत आमटीतून पिळून काढलेली आमसुलं. झालं, एवढाच संसार. यातली एकही वस्तू भांडी घासण्यासाठी म्हणून घरात आलेली नव्हती. चूल पेटायची म्हणून राख व्हायची, नारळ सोलायचे म्हणून किशी निघायची, आमटी व्हायची म्हणून आमसुलं उरायची. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हे सगळं दुसऱ्याच प्रोग्रॅमचं आउटपुट होतं, मोरीला फुकट मिळणारं.

आणि त्यामागचं रसायनशास्त्र पक्कं होतं. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते पाण्यात अल्कली होतं आणि तेलकटपणाचा थोडाफार साबण करून टाकतं. सुश्रुतसंहितेत राखेपासून क्षार काढण्यावर स्वतंत्र अध्याय आहे, म्हणजे ही माहिती काही आजीच्या काळातली नव्हे. तांब्या-पितळेवर काळपट थर चढतो तो मुख्यतः ऑक्साइडचा. तो क्षाराने निघत नाही, त्याला आंबट लागतं. देशावर चिंच, आमच्याकडे आमसूल. चिंचेत टार्टारिक आम्ल, कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक. रिठ्याचा मान कपड्यांच्या आणि दागिन्यांच्या बाजूला. त्याच्या झाडाचं शास्त्रीय नाव सॅपिंडस, म्हणजे चक्क 'भारतीय साबण'.

आंबट फक्त बाहेरून, हाही नियम होता. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, तसंच हे. लहानपणी मी उत्साहाने एक कळशी आमसुलाने चोळली आणि न विसळताच क्रिकेटला पळालो. संध्याकाळी कळशी हिरवी, आणि मी लाल.

आता तारखा बघा. कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या 1888 साली. सर्फ आली 1959 साली, निरमा 1969 साली. म्हणजे साबण देशात आल्यावरही कित्येक दशकं मोरीत राख होतीच. कारण साधं होतं: फुकटाशी स्पर्धा कोण करणार?

राखेला हरवलं ते साबणाने नाही, शेगडीने. भारतात घरगुती गॅस 1955 च्या सुमारास मुंबईत सुरू झाला, तो गावागावात पोचायला पुढे कित्येक वर्षं गेली. जिथे पोचला तिथे दोनतीन महिन्यांत राखेची करवंटी रिकामी. दुसरा घाव स्टीलचा. सेलमचा कारखाना सुरू झाला. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर आपोआप धरतो, त्यामुळे आमसुलाला काम उरलं नाही आणि दारावर भाता घेऊन बसणारा कल्हईवालाही दिसेनासा झाला. तांबं-पितळ स्वयंपाकघरातून देवघरात गेलं. ठाण्याची पीतांबरी निघाली 1989 साली, त्याच उरलेल्या समया-ताम्हनांसाठी. आंबट पुन्हा घरात आलं, पण पुडीतून.

इथे "आमच्या वेळी सगळं कसं नैसर्गिक आणि स्वस्त होतं" असा सूर लावायचा मोह होतो. आईसमोर लावून बघितला. तिने तिच्या सासूचे, म्हणजे माझ्या आजीचे हात आठवून दिले. पावसाळ्यात, पंधरा माणसांची भांडी, उकिडवं बसून, राखेने. बोटांना भेगा पडायच्या आणि रात्री त्यात कोकमाचं तेल वितळवून भरायचं. म्हणजे एकाच फळाची साल भांड्याला आणि बी हाताला. चुलीवरच्या भांड्याची काजळी घासून निघता निघत नाही, म्हणून भांडं चढवण्याआधीच त्याला बाहेरून राखेचा लेप द्यायचा, हे आणखी एक काम. राख फुकट होती, कारण तिच्यामागची मजुरी कोणी हिशोबात धरलीच नव्हती. घरी गॅस आला त्या दिवशी आजी रडली होती म्हणे, आनंदाने.

तरीही कुणाला करून बघायचं असेल तर: दहाबारा रिठे बिया काढून रात्रभर भिजवा, सकाळी उकळून गाळा. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून फेस काढण्यात अर्थ नाही, दोघं एकमेकांना मारतात. आणि ब्लीचमध्ये आंबट काहीही कधीही घालू नका, क्लोरीन वायू निघतो.

निघायच्या दिवशी सकाळी आईने ते पाकीट फोडून देवघरातली समई घासली. चिमटीत पावडर घेऊन अंगठ्याने चोळून बघितली आणि म्हणाली, "राख बरी आहे रे, पण नीट चाळलेली नाही."