शिवडीचा चिखल आणि कागदावरची रेघ

दहावीच्या वर्गात दळणवळणाचा धडा चालला होता. शिवडी ते न्हावा-शेवा या सागरी पुलाची आकृती मी फळ्यावर काढली. लांबी सुमारे २२ किलोमीटर, त्यांपैकी साडेसोळा समुद्रावर. बोलता बोलता पुलाखालच्या चिखलाची आणि तिथल्या पक्ष्यांची गोष्ट निघाली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, मग हा पूल बांधायला नको होता का?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही. दिवाळीच्या सुटीत, चिवड्याची वाटी शेजारी घेऊन, त्याचेच उत्तर जुळवायला बसलो आहे.

ती जागा मी पूल होण्यापूर्वी पाहिली होती. सेलूहून रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलो, सकाळी मुंबईत उतरलो आणि हार्बरच्या लोकलने शिवडी गाठली. आम्ही दुधनाकाठची माणसे. चिखल म्हणजे रुतलेली बैलगाडी आणि खोळंबलेली पेरणी, एवढेच आम्हांला ठाऊक. धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी हटत होते, आणि उघड्या पडलेल्या त्या काळ्या राड्यावर हजारो गुलाबी पक्षी माना खाली घालून चरत होते. हेच ते रोहित. कोणी त्यांना अग्निपंख म्हणतात. जाळे सावरत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला मी म्हटले, "केवढा हा चिखल!" तो हसून म्हणाला, "चिखल नाय मास्तर, आमचं शेत हाय ते." शेतकऱ्याच्या मुलाला याहून अधिक काय समजावून सांगायचे?

आता इतिहास पाहू. मुंबईला समोरच्या किनाऱ्याशी जोडण्याची कल्पना आजची नव्हे. विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने शहराच्या वाहतुकीचा अभ्यास केला, त्यात १९६३ साली ही रेघ प्रथम उमटली. पुढे वाशीचा खाडीपूल झाला, नवी मुंबई वसली. शिवडीची रेघ मात्र कागदावरच राहिली. २००८ च्या सुमारास निविदा निघाल्या, तेव्हा एका कंपनीने टोलवसुलीसाठी ९ वर्षे ११ महिने मागितले आणि दुसरीने ७५ वर्षे! तो खेळ तिथेच मोडला. २०१३ साली तर एकही बोली आली नाही. अखेर जपानच्या कर्जाने काम मार्गी लागले. डिसेंबर २०१६ मध्ये पायाभरणी झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी पूल खुला झाला.

या दीर्घ मुदतीत एक गंमत घडली. रेघ आखली गेली तेव्हा शिवडीला रोहितांचे हे थवे नव्हतेच. ते मोठ्या संख्येने येऊ लागले १९९० नंतर. महानगराचे सांडपाणी खाडीत येते, गाळ साचतो, त्यावर शेवाळ माजते, आणि लहान रोहिताचे पोट त्याच शेवाळावर भरते. आमची घाण हे त्यांचे अन्न झाले! म्हणजे ज्या पाहुण्यांसाठी पुढे वाद पेटला, ते त्या रेघेहून वयाने लहान होते.

वाद झाला तो खराच. १८८३ पासून निसर्गाचा अभ्यास करणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि अनेक पक्षीप्रेमी म्हणाले, चिखल सोडून पूल बाजूला घ्या. दुसरी बाजू म्हणाली, जवळच तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र, इकडे बंदर. रेघ सरकवणार कुठे? आणि लोकलच्या दाराला लोंबकळणाऱ्या माणसाचे काय? कोळी म्हणाले, आमच्या जाळ्याचे काय? वाचकहो, यांतले कोणीच खोटे बोलत नव्हते. खोट्या माणसाशी वाद घालणे सोपे असते. अवघड असते ते खऱ्या माणसाशी.

वादाने पूल थांबला नाही. पण वाद फुकटही गेला नाही. चिखलात भराव न घालता तात्पुरता पूल उभारून काम झाले, पक्ष्यांसाठी आवाज अडवणाऱ्या भिंती लागल्या, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणे सुरू झाले, मच्छीमारांना भरपाई मिळाली. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहितांचे अभयारण्य ठरला, आणि २०२२ साली खाडीला रामसर यादीत स्थान मिळाले. इराणातल्या रामसर गावी १९७१ साली झालेल्या करारातून आलेले हे नाव. मात्र अभयारण्याची हद्द ऐरोली आणि वाशीच्या पुलांच्या दरम्यान. शिवडी तिच्या बाहेर. कायद्याला हद्द लागते. पक्ष्याला ती वाचता येत नाही.

आम्ही मराठवाड्याची माणसे या प्रकरणाकडे दुरून पाहू शकत नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केलेल्या जायकवाडीने शंभरावर गावे पोटात घेतली, आणि परभणीकडच्या रानांना पाणी दिले. त्याच जलाशयावर पक्षी उतरू लागले आणि १९८६ साली तिथे अभयारण्य झाले. गावे गेली, ऊस आला, पाखरे आली. हिशेब कोणत्या वहीत मांडावा? आता जालना-नांदेड द्रुतगती मार्गाची रेघ आमच्या परभणी जिल्ह्यातून ओढली गेली आहे. या मार्गासाठी काळी जमीन मोजली जाताना बांधावर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. शिवडीच्या त्या कोळ्याचा चेहरा मला तेव्हा आठवला.

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. पूल नको होता, असे मी म्हणणार नाही. रोज चार तास प्रवासात घालवणाऱ्याला मी ते कोणत्या तोंडाने सांगू? पण रेघ आखताना त्या धक्क्यावर कोणीतरी ओहोटीची वाट पाहत बसायला हवे होते. आणि रेघ जुनी झाली, खाली नवे जीव आले, तर कागद पुन्हा उघडायला हवा होता. पूल उभा राहिल्यावर तो सरकत नाही. कागदावरची रेघ खोडरबरानेही सरकते. उद्या तुमच्यातलाच कोणी अभियंता होईल, कोणी तलाठी. रेघ ओढण्याआधी तिथल्या माणसाला एवढेच विचारा, "हा चिखल आहे, की शेत?"

शाळा उघडली की पहिल्या तासाला हे उत्तर वर्गात वाचून दाखवणार आहे. या खेपेला घंटेची वाट पाहणार नाही.