आजोबांचा खर्डा आणि छपराचं माप



आपल्या या समूहात जुन्या घरांचे फोटो पुष्कळ येतात. ओसरी, तुळशीवृंदावन, झोपाळा सगळं येतं. पण डोक्यावरच्या छपराला किती लागलं, हे कुणी लिहीत नाही. मी पडलो कॉमर्सचा माणूस, त्यातून बँकेत अख्खी नोकरी काढलेली. म्हणून आज ती बाजू मांडतो. निमित्त आमच्या खानापूर तालुक्यातल्या घराचं.

आमच्या आजोबांच्या हातचा एक मोडीतला खर्डा माझ्याकडे आहे. वर शके १८५८ घातलंय, म्हणजे इ.स. १९३६. त्या साली घरावरची जुनी नळीची कौलं उतरवून मंगळुरी कौलं चढवली. खर्ड्यात आधी लाकूड, मग कौलं, मग गाडीभाडं, खिळे, सुताराची मजुरी आणि शेवटी मदतीला आलेल्या माणसांचं जेवण, असा क्रम आहे. सुतार कानडी बोलणारा असावा, कारण कौलांच्या ओळीत एके ठिकाणी 'हेंचू' असंच लिहून ठेवलंय. आपल्याकडे हे चालायचंच. गोव्याकडचे पाहुणे त्यालाच 'नळे' म्हणायचे.

आता नळीची कौलं काढायची गरज काय होती? ती कौलं गावचाच कुंभार करायचा आणि स्वस्त पडायची. पण ती नुसती एकमेकांवर ठेवलेली. वारा, मांजर, माकड, कशानंही सरकायची. त्यामुळे दर वैशाखात शाकारणी आलीच. सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, पुन्हा लावायची. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तो त्याच्या दुप्पट-तिपटीहून जास्त. तिथे शाकारणी चुकली की घरात पातेली मांडायची पाळी. म्हणजे कौल स्वस्त, पण मजुरी जन्माची.

मंगळुरी कौलाला खाच असते. एक कौल दुसऱ्यात अडकतं आणि खालच्या नाकाडाने रिपेला धरून बसतं. ही युक्ती मूळची फ्रान्सची. अल्सासमधल्या गिलार्डोनी बंधूंनी १८४१ मध्ये असल्या खाचेच्या कौलाचं पेटंट घेतलं होतं. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला. नेत्रावतीकाठची चिकणमाती त्याला उत्तम मिळाली. पुढे किनाऱ्यावर तसे कितीतरी कारखाने निघाले आणि कौलं गलबतांनी मुंबईपर्यंत जाऊ लागली. आमची कौलं मुरगावपर्यंत समुद्रातून, तिथून रेल्वेने लोंढ्यावरून खानापूर स्टेशनला आणि पुढे बैलगाडीने आली. खर्ड्यात तिन्ही भाडी वेगवेगळी लिहिली आहेत. आगगाडी नसती तर हे कौल आमच्या गावात पोचलंच नसतं, पोचलं असतं तरी परवडलं नसतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. बासेल मिशनच्या कौलाच्या पाठीवर १८६५ असा शिक्का असतो. तो पाहून पुष्कळजण आपलं घर १८६५ सालचं समजतात. ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नव्हे.

आता मापाकडे येऊ. आमचं मूळ घर भिंतीबाहेरून ३० फूट लांब, २० फूट रुंद. म्हणजे ६०० चौरस फूट. छप्पर एवढंच धरलं की हिशेब बसलाच म्हणून समजा. मातीच्या भिंतीला पावसापासून वाचवायचं तर चारी बाजूंनी दोन-दोन फूट वळचण हवी. झालं ३४ बाय २४, म्हणजे ८१६. पण हेही सपाट माप. छप्पर उतरतं असतं. अर्धी रुंदी १२ फूट, आढ्याची उंची वळचणीपासून ७ फूट. १२ चा वर्ग १४४, ७ चा ४९, बेरीज १९३, त्याचं वर्गमूळ जवळजवळ १३.९. ही एका पाख्याची उतरती लांबी. १३.९ गुणिले ३४, गुणिले दोन पाखे, म्हणजे ९४५ चौरस फूट. जमिनीवर सहाशेचं घर, वर साडेनऊशेचं छप्पर!

शंभर चौरस फुटाला मंगळुरी कौलं साधारण १५० लागतात. ९४५ ला झाली १४१७. फुटतुटीला शंभरी पाच धरली तर दीड हजाराच्या आत बसतं. खर्ड्यात आकडा आहे १५००, शिवाय आढ्याचे कोने ४०. आजोबांना वर्गमूळ येत होतं का, मला ठाऊक नाही. सुताराने दोरी लावून पाखं मोजलं असेल. पण दोघांचा आकडा जुळतो.

लाकडाचंही तसंच. दीड-दीड फुटावर एक वासा, दोन्ही पाखी मिळून ४८. प्रत्येक १५ फुटी, ४ बाय २ इंची. हे ४० घनफूट. साडेबारा इंचावर एक रीप, एकेका पाख्याला १५ ओळी, एकूण १०२० फूट रीप. २ बाय १ इंच धरली तर १४ घनफूट. आढं, भिंतीवरच्या पाट्या आणि वाशांना मधे आधार देणारी आडवी लाकडं मिळून आणखी २१. एकूण ७५, आणि कापणीत जाणारं शेकडा १० धरून ८२-८३ घनफूट. ओंडका विकत घेणाऱ्याने आणखी एक बघायचं. ओंडक्याचं माप घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी असं करतात. ते आणि चिरून हातात येणारं लाकूड एक नव्हे. कड्या, साली, वाकडेपणा सगळं त्यातून वजा होतं.

हे इतकं सविस्तर का लिहितोय? सत्तर-ऐंशीच्या दशकांत मी खेड्यांतल्या घरबांधणीच्या कर्जाचे कागद बघत असे. बहुतेक अंदाजपत्रकात पाया, भिंती, दारं-खिडक्या यांच्या ओळी वेगळ्या असायच्या आणि छपराला एकच ओळ, 'एकरकमी'. छप्पर सगळ्यात शेवटी येतं. पाया खोल गेला, दगड महागला, सगळी तूट शेवटच्या ओळीवर यायची. मे महिना संपत आलेला, भिंती उभ्या, पैसे संपलेले. मातीची भिंत उघड्यावर एक मृगसुद्धा काढत नाही. अशा वेळी माणूस सावकाराकडे जातो. म्हणून मी छपराच्या ओळीचे पाच भाग करून मागायचो. लाकूड, कौलं, वाहतूक, लोखंडी सामान, मजुरी. लोकांना ती बँकेची कटकट वाटायची.

गेल्या वर्षी हाच प्रश्न आमच्या घरात आला. वासे वळचणीला कुजले होते, माकडांनी कौलांचा चुरा केला होता. पुतण्या म्हणाला, "काका, रंगीत पत्रा घालू की. एकदाचं मिटेल." धाकटा भाऊ म्हणाला, स्लॅब. मी खर्डा काढला आणि सगळ्यांना बसवून मोजलं. पुतण्याने आणलेलं पत्र्याचं कोटेशन सहाशे चौरस फुटाचं होतं. प्रत्यक्षात पत्राही साडेनऊशेलाच लागणार, वर जोडाचा दाब वेगळा.

पत्र्याची बाजू खोटी नव्हती. कौलांचं वजन अडीच किलोप्रमाणे साडेतीन टन, पावसात भिजल्यावर आणखी जास्त. पत्रा जेमतेम चारशे किलो. त्याला रिपा लागत नाहीत, लाकूड वाचतं, माकडांची भीती नाही. पण हलकं छप्पर वाऱ्याला घट्ट बांधावं लागतं, आणि एप्रिलच्या दुपारी त्याखाली आमची ऐंशी वर्षांची वहिनी राहणार होती. स्लॅब तर नव्वद वर्षांच्या मातीच्या भिंतींवर टाकणंच शक्य नव्हतं.

मग जुनी कौलं उतरवून एकेक वाजवून बघितली. खणखणीत वाजलेली ११५० निघाली. म्हणजे नवी घ्यायची ती फक्त साडेतीनशे. वाशांची कुजलेली टोकं कापून त्यांना जोड दिले. गोठ्यावर मात्र पत्रा घातला. पुतण्याचंही ऐकायला हवं की नाही!

खर्ड्यातला दर आज कुणाच्या कामाचा नाही. रुपये, आणे, पै, सगळं गेलं. नव्या अंदाजपत्रकात दराचा रकाना आम्ही पूर्ण नव्याने भरला. मापाचा रकाना मात्र १९३६ चाच उतरवून घेतला. पुतण्याने त्याचा फोटो काढून ठेवलाय, आणि मोडी वाचायला शिकतो म्हणतोय.

तुमच्याकडे असा एखादा खर्डा असेल तर रद्दीत घालू नका. आणि घराची कौलं उतरवाल तेव्हा पाठीवरचा शिक्का बघून ठेवा. तुमचं कौल कुठून कुठे आलंय ते त्यावर लिहिलेलं असतं.