लोहितचा परवाना

सुरतेत किंवा तिच्याजवळच्या कामरेजमध्ये कोणी साड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी बिलाचा प्रोग्रॅम लिहून विकायला लागला, की गुजराती अक्षरांचा प्रश्न येतोच. गिऱ्हाइकाच्या संगणकावर हवा तो फॉन्ट असेलच असं नाही, म्हणून तो सेटअपमध्येच घालून द्यावा लागतो. पण दुसऱ्याने घडवलेली वस्तू आपल्या मालाबरोबर विकायची परवानगी आहे का? उसन्या लायब्रऱ्यांबाबत प्रोग्रॅमरला हेच विचारावं लागतं. लोहित फॉन्टांच्या इतिहासात याचं उत्तर टप्प्याटप्प्याने घडताना दिसतं.

श्रीलिपी हे भारतीय लिप्यांचं सॉफ्टवेअर डीटीपीवाल्यांच्या घरोघरी पोचवणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने हे फॉन्ट पुरवले आणि लिनक्स कंपनी रेड हॅटने २००४ साली ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुले केले. पहिल्या खेपेत गुजराती होता, मराठी मागाहून आला. भारतीय लिप्यांसाठी ही मोठी देणगी होती, असं मी मनापासून मानतो.

अडचण परवान्याची होती. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल १९८९चा, आणि तो प्रोग्रॅमसाठी लिहिलेला. त्याखालचा कोड मिसळून बनवलेला प्रोग्रॅम वाटायचा, तर सगळा प्रोग्रॅम त्याच अटींवर द्यायचा आणि मूळ कोडही उपलब्ध करायचा. लायब्रऱ्यांसाठी १९९१मध्ये वेगळा, सौम्य परवाना निघाला, आजचा एलजीपीएल. तो असेल तर आपला प्रोग्रॅम बंदिस्त ठेवता येतो. मात्र गिऱ्हाइकाला ती लायब्ररी बदलून तिची सुधारलेली आवृत्ती जोडता आली पाहिजे. फॉन्टचं काय? तो पीडीएफमध्ये रुतून बसतो. मग ते बिलही जीपीएलखाली येईल का? २००५मध्ये स्टॉलमन यांच्याच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने फॉन्टसाठी सवलतीचं कलम सुचवलं. त्यामुळे कागदपत्रांची काळजी मिटत होती, पण ते कलम फॉन्टच्या मालकाने स्वतः जोडावं लागे.

खास फॉन्टसाठीचा परवाना एसआयएल या संस्थेतून आला. व्हिक्टर गॉल्टनी आणि निकोलस स्पालिंजर यांनी लिहिलेल्या ओपन फॉन्ट लायसन्सची १.१ आवृत्ती फेब्रुवारी २००७ची. सप्टेंबर २०११मध्ये लोहितने जीपीएल सोडून हा परवाना घेतला. त्याखाली फॉन्ट कुठल्याही सॉफ्टवेअरबरोबर घालून विकता येतो; नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही. फॉन्टने बनवलेल्या कागदपत्रावर परवान्याचा काही हक्क राहत नाही. फॉन्टमध्ये बदल केले, तर बदललेला फॉन्ट याच परवान्याखाली द्यायचा आणि मूळकर्त्याने राखून ठेवलेलं नाव असेल तर ते वापरायचं नाही.

सर्वांत सोपी अट सर्वाधिक मोडली जाते, असं मला वाटतं. प्रत्येक प्रतीबरोबर मालकी हक्काची सूचना आणि परवाना गेला पाहिजे, मग तो साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असो की फॉन्टच्या आतल्या माहितीच्या रकान्यांत. सेटअप हलका करायच्या नादात लोक आधी तीच फाईल उडवतात. काही किलोबाइट वाचतात, पण अक्षरं घडवणाऱ्यांचं नाव जातं आणि विकणाऱ्याच्या हातातली परवानगीही.