निखाऱ्यांवरून आगीचा शोध

धाराशिव जिल्ह्यांतील तेर गांवीं प्राचीन तगर नगरीचे अवशेष सांपडतात. नगरी केव्हांच लोपली. परंतु मागें राहिलेल्या वस्तूंवरून इतिहासकार तिच्या रोमशीं चाललेल्या व्यापाराची कथा जुळवितो. ज्योतिर्विदावरहि कधीं कधीं असाच प्रसंग येतो.

गॅमा किरणांचा स्फोट ही अशीच क्षणांत लोपणारी घटना होय. तिचा पहिला पत्ता लागला तो युद्धाच्या भीतीमुळें. चोरून केलेले अणुस्फोट हेरण्याकरितां अमेरिकेनें सोडलेल्या 'वेला' उपग्रहांनीं १९६७ सालीं आकाशांतून आलेला असा झोत टिपला. ती वार्ता १९७३ सालीं प्रसिद्ध झाली. झोत लवकरच विझे. म्हणून तो किती दुरून येतो हें दीर्घकाळ गूढच राहिलें. अखेर १९९७ सालीं स्फोटामागून रेंगाळणारा उत्तरप्रकाश आढळला, आणि त्याच वर्षीं ८ मेच्या स्फोटामागून आलेल्या रेडिओ-लहरीहि प्रथमच टिपल्या गेल्या.

या संशोधनांत महाराष्ट्रांतील दुर्बिणीचाहि वांटा आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें उभारलेल्या या रेडिओ दुर्बिणींत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या सुमारें २५ किलोमीटरांच्या परिसरांत पसरल्या असून मुख्यतः लांब लहरी टिपतात.

२९ मार्च २००३ रोजीं सिंह राशींत, सुमारें २०० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेला एक स्फोट दिसला. तो मिनिटभरांतच आटोपला. परंतु लांब लहरी आरंभीं स्फोटाच्या दाट मेघांतच शोषल्या जातात. मेघ पसरून विरळ झाला म्हणजे त्या हळूहळू बाहेर पडतात. येथें घाई निरुपयोगी! खोडद व हॉलंडांतील वेस्टरबोर्क येथील दुर्बिणींनीं २६८ व्या दिवसापासून ११२८ व्या दिवसापर्यंत या निखाऱ्याचा मागोवा घेतला.

त्यावरून दिसून आलें कीं, प्रकाशाच्या जवळपास वेगानें सुटलेली स्फोटाची लाट सुमारें ८० दिवसांनीं मंदावली, आणि अशी मंदावलेली लाट हळूहळू गोलाकार होत जाते. हें गोलत्व महत्त्वाचें. अरुंद झोताची शक्ति मोजतांना त्याची रुंदी ठाऊक असावी लागते. गोल लाटेच्या बाबतींत ती अडचण उरत नाहीं. ताऱ्याच्या मरणाचा खरा हिशेब असा उशिराच मिळतो.

पुढें ५ डिसेंबर २०१७ च्या स्फोटाचा मागोवा सुधारलेल्या खोडदच्या दुर्बिणीनें अडीच वर्षांहून अधिक काळ घेतला. आग क्षणाची असली, तरी तिचा इतिहास लिहिणाऱ्यास निखारे निवेपर्यंत जागावें लागतें.