प्रयागची रेती आणि हर्षाचा खजिना

प्रयागराजच्या किल्ल्याचा मोठा भाग आजही लष्कराकडे आहे. तिथे पोस्टिंग असताना तटावरून संगमाची रेती दिसायची. जानेवारीतलं धुकं, बोचरी थंडी आणि खाली माघमेळ्याचे तंबू. आपल्या संक्रांतीला तिकडे सरळ ‘खिचडी’च म्हणतात. त्या दिवशी तांदूळ, उडदाची डाळ, तीळ-गूळ आणि ऐपत असली तर कांबळंही दान करायचं.

दानासाठी ही रेती फार जुनी. इ.स. 643 मध्ये सम्राट हर्षवर्धनाने इथे साठलेला खजिना वाटला, तेव्हा चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग हजर होता. दर पाच वर्षांनी होणारा हा सोहळा, आणि त्याने पाहिला तो सहावा. एकूण 75 दिवस चालला. पहिले तीन दिवस बुद्ध, सूर्य आणि शिव यांची पूजा. चौथ्या दिवशी 10,000 भिक्षूंना प्रत्येकी शंभर सुवर्णनाणी, एक मोती आणि सुती वस्त्र. मग वीस दिवस ब्राह्मणांना, दहा दिवस इतर पंथीयांना, दहा दिवस दुरून आलेल्या याचकांना. गरीब, अनाथ, निराधार सगळ्यांत शेवटी.

लंगरच्या रांगेत शेवटच्या माणसाच्या ताटात काय पडतं, हे फौजीला सांगायला नको. पण इथे शेवटच्यांसाठी अख्खा महिना राखून ठेवला होता, आणि खजिना संपला तेव्हा हर्षाने अंगावरचे दागिनेही उतरवले. मग बहीण राज्यश्रीकडून एक जुनं वस्त्र मागून घेतलं आणि ते नेसून पूजा केली.

फक्त हत्ती, घोडे आणि शस्त्रं वाटली नाहीत. राज्य राखायला ती लागतात. माझ्यातल्या सैनिकाला हे पटतं. तरी एक विसरू नये, तो खजिना भरला होता रयतेच्याच करातून. आणि हेच हत्ती-घोडे घेऊन हर्ष दक्षिणेकडे निघाला, तेव्हा आपल्या पुलकेशीने त्याला अडवलं. ह्युएन त्संग महाराष्ट्रातही येऊन गेला होता. संकटात कुणी हाक मारली तर इथली माणसं स्वतःला विसरून धावतात, असं त्याने लिहून ठेवलंय.

प्रयागच्या हकिगतीचा शेवट पुस्तकांत बहुधा गाळतात. सोहळ्यानंतर जमलेल्या मांडलिक राजांनी हर्षाचे हार, मुकुटमणी, वस्त्रं लोकांकडून पैसे मोजून सोडवली आणि त्याला परत आणून दिली. गरिबाने राजाचा हार घेऊन करायचं तरी काय? बाजारात दाखवला असता तर चोर ठरला असता. रोख पैसे मात्र त्याच्या घरी गेले.