जेऊरचे ग्रहण, अम्मीचे विस्मरण

शिरूरच्या घरी एका संध्याकाळी अम्मीने मलाच विचारले, "बेटा, किसका है रे तू?" 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आम्ही हसलो. हा आजार आहे हे कळायला चार वर्षे गेली. तोवर तिला विचारायचे ते सारे राहून गेले.

या आजाराला जर्मन डॉक्टर आलॉईस अल्झायमर यांचे नाव आहे. त्यांची रुग्ण ऑगुस्ट डेटर हिला स्वतःचे नावही धड लिहिता येईना. १९०६ साली ती वारली. तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा कुठे डॉक्टरांना आतला बिघाड दिसला. मग जिवंत माणसाचे काय? मेंदू न उघडता आतले कसे वाचायचे?

न उघडता वाचण्याची विद्या तोवर सूर्यावर वापरून झाली होती, आणि तिचे एक पान आपल्या दौंडच्या लोहमार्गावर आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी जेऊरला तळ दिला. दौंडहून सोलापूरकडे जाताना हे स्टेशन लागते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तेथे आले होते. नायगमवालांनी सूर्याच्या प्रकाशाचा वर्णपट छायाचित्रात पकडला. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात. त्यामुळे सूर्यात काय आहे, ते पृथ्वीवर बसून कळते.

पुढे १९२८ साली कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवले, की पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा भाग आपला रंग बदलतो आणि त्यावरून रेणू ओळखता येतो. खारघरच्या 'ॲक्ट्रेक' संस्थेत याच तंत्राने तोंडाच्या कर्करोगावर संशोधन झाले आहे.

अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची घडी बिघडते. घडी बदलली, की ते अवरक्त प्रकाश निराळ्या लहरीवर शोषते. जर्मनीतील बोखुमचे क्लाउस गेरवर्ट व सहकाऱ्यांना रक्तातला हा बदल रोगनिदानाच्या सरासरी ८ वर्षे आधी टिपता आला. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मात्र काही रुग्ण त्या चाचणीतूनही निसटले. म्हणून ही प्रकाशाची चाचणी अजून आपल्या गावच्या दवाखान्यात नेहमीची झालेली नाही. आज डॉक्टर स्मरणशक्तीची चाचणी घेतात, थायरॉइड व बी-१२ तपासतात, गरज पडल्यास मेंदूचा एमआरआय काढतात. हेही थोडे नाही, कारण विसरण्याची काही कारणे औषधाने दूर होतात.

ती आठ वर्षे मिळाली असती तर अम्मीचा आजार बरा झाला नसता. पण जात्यावरच्या तिच्या ओव्या माझ्या वहीत उतरल्या असत्या. मी कवी, आणि माझ्याच घरातले शब्द मला जपता आले नाहीत.

तुमच्या घरात कुणी तीच गोष्ट पुन्हापुन्हा विचारू लागले तर आमच्यासारखे हसू नका. त्यांना दवाखान्यात न्या. आणि परत आल्यावर वही घेऊन त्यांच्याशेजारी बसा.